परमुलखात रुजलेल्या मल्याळी लेकी

केरळच्या मुली नर्स होऊन थेट पंजाबपर्यंत गेल्या. त्यांच्या पगारावर गावाकडची घरे उभी राहिली, भावंडे शिकली. ज्या शहरात मूळचे असे फारसे कोणी नव्हतेच, त्या चंदीगडमध्ये त्यांनी आपले दुसरे घर कसे उभारले, त्याची ही कहाणी.

चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये राहती घरे जवळजवळ नाहीतच. दुकाने आहेत, बँका आहेत, सरकारी कचेऱ्या, ग्रंथालय आणि बसस्थानक आहे. चार मजली काँक्रीटच्या सारख्या उंचीच्या इमारती, त्यांच्यापुढे लांबच लांब व्हरांडे आणि मधोमध मोटारींना मज्जाव असलेला ऐसपैस चौक. रविवारी संध्याकाळी सारे शहर इथे पाय मोकळे करायला येते. कारंज्याभोवती मुले धावतात, म्हातारी माणसे कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहतात. इथे सगळे येतात, पण इथला रहिवासी कोणीच नाही.

याच सेक्टरमध्ये शहराचे मोठे पोस्ट ऑफिस आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय नव्हती, तेव्हा पगार झाला की मनिऑर्डरच्या खिडकीशी रांग लागे. त्या रांगेत पंजाबी, पहाडी, बिहारी माणसांबरोबर सावळ्या रंगाच्या, तेल लावून घट्ट वेणी घातलेल्या मुलीही उभ्या असत. त्यांच्या फॉर्मवर पत्ते असत कोट्टयम, तिरुवल्ला, पथनमथिट्टा या भागांतले. या मुली म्हणजे केरळातून आलेल्या नर्स. शहराच्या लेखी त्या 'मद्रासी' होत्या, आणि वॉर्डातल्या रुग्णांच्या लेखी 'सिस्टर'.

मनिऑर्डरवर घर चालणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या कोकणातली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालली. फरक इतकाच, की कोकणातला चाकरमानी हा घरातला कर्ता पुरुष असे. बायको गावी राहून शेती, गुरे आणि सासूसासरे सांभाळत असे. मध्य केरळातल्या हजारो घरांत मात्र पेटी उचलून गाडीत बसली ती थोरली मुलगी.

गावच नवे, मग परके कोण?

या मुली आल्या ते चंदीगड मुळातच उखडल्या गेलेल्या माणसांसाठी उभे राहिले होते. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातला पंजाब राजधानीविना उरला. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे शहर वसवायचे ठरले. जवळच्या चंडीच्या देवळावरून त्याला नाव मिळाले. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले आणि काम फ्रान्समधील वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. त्यांच्या जोडीला पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू होते. हाताखालच्या भारतीय वास्तुशिल्पींच्या यादीत प्रभावळकर आणि देठे ही आपल्या कानांना ओळखीची वाटणारी आडनावेही सापडतात. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्‌घाटन झाले.

नव्या शहरात राहायला आलेल्यांत लाहोर, रावळपिंडी, लायलपूर सोडून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. कोणाची हवेली मागे राहिली होती, कोणाचे दुकान, तर कोणाची माणसेच. इथली जमीन मात्र ओसाड नव्हती. तिच्यावर गावे होती, आंब्याच्या राया होत्या. ती गावे उठवून हे शहर बसवले गेले. त्या गावकऱ्यांखेरीज चंदीगडमध्ये 'आम्ही मूळचे इथले' असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नव्हता.

शहराची बांधणीही वेगळी. साधारण बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद अशा चौकटींचे सेक्टर. प्रत्येकात शाळा, दवाखाना, बाजार आणि हिरवळ. सरकारी घरे हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकारची बांधली गेली, मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत. घर मिळायचे ते नोकरीच्या दर्जानुसार. जातीची आळी नाही, गावकीचा वाडा नाही. भिंतीपलीकडे लाहोरचे सरदारजी, समोर हिमाचलचे ब्राह्मण आणि वरच्या मजल्यावर कोट्टयमची नर्स, असा शेजार सरकारी यादीनेच जुळवून दिला. शेजाऱ्याने परके म्हणून नाक मुरडावे, तर तो स्वतःच कालपरवा आलेला.

आणखी एक योगायोग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य जन्माला आले. मल्याळी माणूस जिथे असेल तिथे हा दिवस 'केरळप्पिरवी' म्हणून साजरा करतो. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन हरयाणा वेगळा झाला आणि चंदीगड केंद्रशासित प्रदेश बनले. दोन्ही राज्यांची राजधानी एकच, पण मालकी कोणाचीच नाही. १९८५ च्या करारानुसार २६ जानेवारी १९८६ रोजी शहर पंजाबला मिळायचे होते, तेही झाले नाही. दोघा भावांचा वाद मिटत नसला, की घरातल्या पाहुण्याला कोणी उठ म्हणत नाही, तसेच काहीसे इथे झाले.

त्याच १९६६ सालात मुंबईत शिवसेनेची स्थापना झाली आणि दाक्षिणात्यांच्या नोकऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली गेली. कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या 'मार्मिक'मध्ये छापून येत होत्या. मुंबईत मराठी माणसाला आपल्याच गावात आपण मागे पडलो असे वाटत होते. चंदीगडमध्ये 'आपले गाव' म्हणावे असे अजून काही घडलेच नव्हते. परका कोण हे माणसाच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, ते त्या गावाच्या इतिहासावरून ठरते, हे त्या एका सालातली ही दोन शहरे पाहिली की लक्षात येते.

नर्सच का?

केरळातल्या मुली नर्सच का झाल्या, याची कारणे धर्म, शिक्षण आणि गरिबी या तिन्हींत आहेत. त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांत मुलींच्या शिक्षणाला इतर भागांच्या तुलनेत लवकर चालना मिळाली. ख्रिस्ती मिशनांनी शाळा आणि रुग्णालये काढली. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू आणि मुसलमान घरांत परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे मुलींना निषिद्ध मानले जाई. सीरियन ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र मुलींना या वाटेने जाऊ दिले. सेवेला त्यांच्या धर्मात मान होता. त्याहून मोठे कारण म्हणजे घरात खाणारी तोंडे जास्त आणि जमीन थोडी होती.

प्रशिक्षणाच्या काळात राहण्या-जेवण्याची सोय आणि थोडे विद्यावेतन मिळे. वसतिगृहावर मेट्रनची करडी नजर असे. तेव्हा मुलीला दूर पाठवतानाही आईबापांचा जीव थोडा स्वस्थ राही. एक मुलगी गेली, की तिच्या पत्रावर धाकटी बहीण, मग चुलत बहीण, मग चर्चमधली शेजारीण अशी साखळीच तयार होई. दक्षिणेत वेल्लोर हे प्रशिक्षणाचे मोठे केंद्र होते. उत्तरेत, चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर लुधियानाला डॉ. एडिथ ब्राऊन यांनी १८९४ मध्येच स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची संस्था सुरू केली होती. तेच आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. पंजाबचा रस्ता केरळच्या मिशन रुग्णालयांना अगदीच अनोळखी नव्हता.

१९६२ मध्ये चंदीगडच्या सेक्टर १२ मध्ये वैद्यकीय शिक्षण आणि संशोधनाची पदव्युत्तर संस्था स्थापन झाली. सारा उत्तर भारत तिला 'पीजीआय' या नावानेच ओळखतो. १९६७ मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पंजाब, हरयाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर या सगळ्या भागांतून गंभीर आजाराचे रुग्ण इथे येऊ लागले. एवढ्या मोठ्या रुग्णालयाला नर्स हव्या होत्या आणि स्थानिक मुली या पेशाकडे वळायला तयार नव्हत्या. पंजाबी शेतकऱ्याच्या घरात मुलीने परक्यांची बेडपॅन उचलावीत ही कल्पनाच सहन होण्यासारखी नव्हती. ती जागा केरळच्या मुलींनी भरली.

थंडी, भाषा आणि नाइट ड्यूटी

केरळात थंडी अशी नसतेच. तिथून आलेल्या मुलीला चंदीगडचा पहिला डिसेंबर म्हणजे परीक्षाच. सकाळच्या धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, नळाचे पाणी हाताला चावते. पहिल्या पगारातला मोठा वाटा रजई आणि लोकरीचा स्वेटर घेण्यातच जाई. उन्हाळ्यात उलटे. लू वाहू लागली की नारळाच्या सावलीत वाढलेला जीव कासावीस होई. जेवणात उकड्या तांबड्या तांदळाच्या भाताऐवजी रोटी आणि राजमा, खोबरेल तेलाऐवजी मोहरीचे तेल. समुद्राच्या ताज्या मासळीची तर आठवणच काढायची. सुटीवरून परतताना पेटीत कपड्यांपेक्षा मसाले, केळ्याचे वेफर आणि लोणची जास्त असत.

भाषेचा प्रश्न वॉर्डातच सुटला. पुस्तकातली हिंदी आणि खाटेवरच्या म्हाताऱ्याची ठेठ पंजाबी यांत बरेच अंतर. कुठे दुखते, केव्हापासून दुखते, पाणी हवे का, एवढ्या शब्दांपासून सुरुवात होई आणि वर्षभरात ही मुलगी हट्टी रुग्णाला पंजाबीत दटावू लागे. रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणत, त्यांच्या बायका 'भैणजी' म्हणत आणि नव्याने आलेल्या मल्याळी मुली 'चेची' म्हणत. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, ताई. घरातली थोरली मुलगी म्हणून निघालेली ही मुलगी इथेही सगळ्यांची ताईच झाली.

ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला पंजाब दहशतवादाने होरपळत होता. जून १९८४ मधली सुवर्णमंदिरातील कारवाई, त्यानंतरचे हत्यासत्र, बसमधून उतरवून केलेल्या हत्या यांनी सगळे वातावरण काळवंडले होते. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी चंदीगडच्या सचिवालयाच्या दारातच मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली. अशा काळात मोठ्या रुग्णालयाची ड्यूटी करायची, रात्री वसतिगृहातून वॉर्डात जायचे आणि गावाकडच्या आईला पत्रात मात्र 'इथे सर्व ठीक आहे' असेच लिहायचे. जखमी माणसाची पगडी कोणत्या रंगाची आहे हे बघून पट्टी बांधता येत नाही. ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता, त्यांचा हात दोन्ही बाजूंच्या जखमांवर फिरला.

एक गोष्ट आकड्यांतही दिसते. २०११ च्या जनगणनेत केरळात दर हजार पुरुषांमागे १०८४ स्त्रिया होत्या, तर चंदीगडमध्ये ८१८. नोकरीसाठी एकटे आलेले पुरुष चंदीगडमध्ये जास्त, हे त्याचे एक कारण. पण शेजारच्या पंजाबात ८९५ आणि हरयाणात ८७९ स्त्रिया होत्या, तेव्हा मुलगी नको ही वृत्तीही त्यामागे आहे, हे नाकारता येणार नाही. जिथे मुलगी जन्मली म्हणून घरे उदास होत, तिथे तीन हजार किलोमीटरवरून मुली आल्या आणि आपल्या कमाईवर आईबापांचे घर चालवू लागल्या. शेजारणी हे बघत होत्या.

कॉफीच्या टेबलावर

पेशा नर्सचा असला तरी समाज केवळ नर्सचा नव्हता. टंकलेखक, लघुलेखक, हिशेबनीस, लष्करातले आणि हवाई दलातले कर्मचारी, कॉन्व्हेंट शाळांतल्या शिक्षिका आणि जोगिणी अशा नाना वाटांनी मल्याळी माणसे या शहरात आली. त्यांना आणि साऱ्या शहरालाच जोडणारे एक ठिकाण म्हणजे सेक्टर १७ मधले इंडियन कॉफी हाउस.

या कॉफी हाउसमागेही केरळचाच एक माणूस आहे. कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांनाच सहकारी संस्था काढून मालक व्हायला सांगितले. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा आणि पांढरा गणवेश घातलेले वाढपी तिथले नोकर नसून भागीदार असतात. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चंदीगडच्या कॉफी हाउसमध्ये वकील, प्राध्यापक, पत्रकार, पेन्शनर तासन्‌तास बसत. घरची आठवण आलेल्या मल्याळी माणसाला तिथे डोसा, सांबार आणि फेसाळ कॉफी मिळे. पंजाब्यांनाही ती चव लागली. एकमेकांचे पदार्थ आवडू लागले की निम्मे परकेपण गळून पडते.

घर बांधले, पण वाटा नाही

मनिऑर्डरचे पैसे गावी काय करत? कौलारू घराचे पक्के घर होई. भावाची फी भरली जाई. धाकट्या बहिणींची लग्ने होत, त्यांत हुंडा असेच. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी हुंडा काही थांबला नाही. पुष्कळदा थोरलीचे स्वतःचे लग्न मात्र लांबत जाई. आणि लग्नाच्या बाजारात तिच्या पगाराला मागणी असली, तरी 'रात्रपाळी करणारी मुलगी' म्हणून कुजबुजही होई.

सर्वांत बोचणारी गोष्ट कायद्यात होती. त्रावणकोरच्या ख्रिस्ती समाजाला १९१६ चा वारसा कायदा लागू होता. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. ज्या घराच्या विटा हिच्या रात्रपाळ्यांवर चढल्या, त्या घरात वारस म्हणून तिची किंमत फार तर पाच हजार रुपये. स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना आली, केरळ राज्य झाले, तरी हा कायदा वापरात राहिला.

कोट्टयमच्या मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. वडिलांच्या मालमत्तेत भावांइतकाच हक्क आपल्यालाही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना भारतीय वारसा कायद्यानुसार समान वाटा मिळाला. लेखिका अरुंधती रॉय या मेरी रॉय यांच्या कन्या. २०२२ मध्ये मेरी रॉय यांचे निधन झाले. हक्क कागदावर आला, म्हणून सगळ्या बहिणींनी तो मागितला असे नाही. भावाशी वैर नको म्हणून गप्प राहणाऱ्या बहिणी आपल्याकडेही घरोघर आहेत. हक्कसोड पत्रावर सही करताना हात थरथरला तरी तोंडाने 'मला काही नको' म्हणणारी बहीण मराठी वाचकाला अनोळखी नाही.

वर्षातून एकदा येणारा राजा

चंदीगडच्या मल्याळी समाजाने हळूहळू आपली ठिकाणे उभी केली. सेक्टर १९ च्या ख्राइस्ट द किंग चर्चमध्ये ख्रिस्ती कुटुंबे भेटू लागली. सेक्टर ४७ मध्ये अय्यप्पाचे मंदिर झाले. आणि धर्म कोणताही असो, श्रावणभाद्रपदाच्या सुमारास येणारा ओणम सगळ्यांचा.

ओणमची कथा आपल्याला अर्धी ठाऊकच आहे. बळीराजाला वामनाने पाताळात घातले, ही कथा आपणही सांगतो आणि दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य यावे असे मागणे मागतो. केरळात मानतात, की बळीला वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येण्याची मुभा आहे, तो दिवस म्हणजे ओणम. त्याच्या स्वागतासाठी दारात दहा दिवस फुलांच्या रांगोळ्या घालतात. केळीच्या पानावर अवियल, तोरन, ओलन, सांबार, रस्सम आणि पायसम असे साग्रसंगीत जेवण वाढतात.

दूरदेशी नोकरी करणाऱ्याला बळीची ही गोष्ट वेगळी समजते. वर्षातून एकदा रजा मिळणार, पेटी भरून घरी जायचे, सगळ्यांना भेटायचे आणि दिवस भरले की परत फिरायचे. पूर्वी चंदीगडहून दिल्ली गाठून तिथून नागपूरमार्गे केरळ एक्सप्रेसने जावे लागे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता केरळ संपर्क क्रांती एक्सप्रेस चंदीगडहून निघून आपल्या वसई-पनवेलवरून आणि कोकणातून थेट तिरुवनंतपुरमला जाते. चाकरमान्यांच्या कोकणातून ही दुसरी चाकरमानी गाडी धडधडत जाते आणि दोन्हींतल्या उताऱ्यांच्या पेट्या सारख्याच जड असतात.

मुलांचे मात्र तसे नाही. चंदीगडमध्ये जन्मलेले मूल शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते, मैदानावर पंजाबी बोलते. घरात आई मल्याळम बोलते, ते हिंदीत उत्तर देते. आजीशी फोनवर बोलताना 'जेवलीस का' याच्या पलीकडे शब्द सापडत नाहीत. परदेशातल्या आणि परप्रांतांतल्या मराठी कुटुंबांचेही हेच दुखणे आहे. केरळ सरकारने २००९ मध्ये 'मल्याळम मिशन' सुरू करून राज्याबाहेरच्या मुलांसाठी पायरीपायरीने अभ्यासक्रम आखले. त्यांना कणिकोन्ना, सूर्यकांती, आंबल, नीलकुरिंजी अशी फुलांची नावे दिली. सुटीच्या दिवशी स्वयंसेवक शिक्षक हे वर्ग घेतात. सरकारने हात दिला तरी भाषा टिकते ती ताटावर, हे खरेच. पण हात देणे ही पहिली पायरी आहे.

आता पंजाबच्या मुली

मल्याळी नर्सचा प्रवास चंदीगडला थांबला नाही. साठच्या दशकापासूनच काही मुली पश्चिम जर्मनीतल्या कॅथलिक रुग्णालयांत जात होत्या. १९६५ मध्ये अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला, १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा वाहू लागला आणि दोन्हीकडे नर्सना मागणी आली. कित्येक जणींसाठी उत्तरेतले रुग्णालय ही मधली पायरी ठरली. अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि पुढे जायचे. १९९८ च्या केरळ स्थलांतर पाहणीत परदेशी असलेल्या केरळीयांची संख्या साडेतेरा लाखांहून अधिक निघाली. २०२३ च्या पाहणीत ती सुमारे बावीस लाख होती.

परदेशात बायकोच्या नोकरीवर घर गेले, की नवरा तिच्यामागून जाई. तिथे त्याला आपल्या शिक्षणाची नोकरी मिळेच असे नाही. शीबा जॉर्ज यांनी अमेरिकेतल्या मल्याळी नर्सवर लिहिलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे बारकाईने मांडले आहे. घरात स्वयंपाक आणि मुले सांभाळणारे पुरुष गमावलेला मान चर्चच्या कमिट्यांत शोधतात, असे त्यांना आढळले. कमावती बाई घरात आली की सगळ्या घराचीच मांडणी बदलते, ती एकटीची बदलून भागत नाही.

जोखीमही होतीच. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितच्या रुग्णालयात अडकलेल्या ४६ भारतीय नर्स सुखरूप परतल्या, त्यांत बहुतेक केरळच्या होत्या. आणि गावी राहिलेल्यांचे धैर्य काही कमी नव्हते. २०१८ मध्ये निपाहच्या साथीत रुग्णाची शुश्रूषा करताना लिनी पुतुश्शेरी या कोळिकोड जिल्ह्यातल्या नर्सने प्राण गमावले.

आज सेक्टर १७ मध्ये वर मान करून पाहिले, तर व्हरांड्यांच्या वर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला पाठवणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या दिसतात. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग आहेत. आणि त्यांत जाणाऱ्यांमध्ये पंजाबी मुली आहेत. ज्या पंजाबात नर्सचा पेशा हलका मानला जाई, तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून नर्सिंगची महाविद्यालये भराभर निघाली. परदेशी जाण्याची किल्ली म्हणून आईबापच आता मुलीला नर्सिंगला घालतात. शेजारणींनी एकेकाळी जे नवलाने पाहिले, ते आता त्यांच्या नातींनी उचलले आहे.

परत जायचे की राहायचे?

पहिल्या पिढीच्या नर्स केव्हाच निवृत्त झाल्या. निवृत्तीबरोबर सरकारी क्वार्टर सोडावे लागते आणि इतकी वर्षे पुढे ढकललेला प्रश्न समोर उभा राहतो, आता कुठे? गावी घर आहे, पण ते भावाचे. किंवा स्वतः बांधलेले आहे, पण त्याला कुलूप आहे. लहानपणच्या मैत्रिणी कोणी दुबईत, कोणी ह्यूस्टनला. मुले चंदीगडची, नाहीतर आता टोरांटोची. पावसाळ्यात गुडघे गावी दुखतात आणि थंडीत इथे. काही जणी परत जातात. काही जणी चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत किंवा पंचकुलात लहानसा फ्लॅट घेतात आणि फुंकर मारत पंजाबी चहा पिऊ लागतात. दोन्ही निर्णयांत काहीतरी मागे सुटते. लाहोर सोडून आलेल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला हे न सांगता कळते.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या पोस्टाच्या खिडकीशी तिने मनिऑर्डर केली, त्याच सेक्टरच्या चौकात ती आता रविवारी संध्याकाळी येऊन बसते. समोरून एखादा मध्यमवयीन माणूस थबकतो, क्षणभर निरखतो आणि हात जोडतो. त्याच्या वडिलांच्या खाटेशी ती कधीतरी रात्रभर उभी होती. तिला तो आठवत नाही, त्याला ती आठवते. अशी ओळख ज्या गावात मिळते, ते गाव परके राहत नाही.

आपल्या मुंबईत, पुण्यात, नाशकातही रुग्णालयांच्या वॉर्डांतून अशा मल्याळी सिस्टर वावरत असतात. सुई टोचताना, सलाइन बदलताना आपण त्यांना हाक मारतो, पण त्यांचे गाव कधी विचारत नाही. पुढच्या वेळी जरूर विचारा. आणि घरात लेकीच्या कमाईचा एक रुपया जरी लागला असेल, तर वाटणीच्या कागदावर तिचे नाव आहे ना, तेही एकदा पाहून घ्या.